पेटी कुणाच्या नावावर आहे?

ताई, नमस्कार.

माझं वय ६७. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. पाच महिन्यांपूर्वी एका परदेशी कंपनीतून फोन आला. उंची वाइनमध्ये पैसे गुंतवा, सोन्यासारखी गुंतवणूक आहे, असं म्हणाले. मी स्वतः पीत नाही, पण त्यांनी पाठवलेलं माहितीपत्रक वाचलं आणि पटलं. बोलणारा मुलगा दर आठवड्याला फोन करायचा. शेवटी बोर्डोच्या वाइनच्या दोन पेट्या घेतल्या. त्या म्हणे परदेशातल्या सरकारमान्य गोदामात ठेवल्या आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर माझं खातं आहे आणि त्यात किंमत २२ टक्के वाढलेली दिसते.

आता त्यांचे वरिष्ठ अधिकारी माझ्याशी बोलतात. एक बडा खरेदीदार माझा माल चढ्या भावाने घ्यायला तयार आहे, पण त्याला पाच पेट्यांचा संच हवा. माझ्याकडे दोनच. उरलेल्या तीन शुक्रवारपर्यंत घेतल्या तर महिन्याभरात पाचही विकून देतो म्हणतात. त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागेल. आमच्या एकूण शिलकीचा पाचवा हिस्सा त्यात जाईल.

तो पहिला मुलगा मात्र फार चांगला आहे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याने दोनदा फोन करून विचारपूस केली. त्याला नाही म्हणायला जड जातं. बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पैसे भरू का? कंपनी खरी की खोटी, कसं ओळखायचं? आणि नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू?

— एक वाचक

नमस्कार.

पैसे भरू नका. शुक्रवारी नाही, त्यानंतरच्या सोमवारीही नाही. मुदत ठेवीला हात लावू नका. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आधी तो बडा खरेदीदार. ज्याला पाच पेट्या हव्यात त्याला दोन तुमच्याकडून आणि तीन दुसऱ्या कुणाकडून घेता येत नाहीत का? तुम्हाला विकायला कंपनीकडे तीन पेट्या आहेत. मग त्या तीन ती थेट त्यालाच का विकत नाही? त्याच्या चढ्या भावातला नफा स्वतः न घेता तुमच्या पदरात का टाकते? मी एका बँकेत एकतीस वर्षं काढली. बिनव्याजी उदार झालेला माणूस काउंटरच्या त्या बाजूला मला कधी दिसला नाही, आमच्या बाजूला तर नाहीच. वाइनच्या धंद्यातली ही फार जुनी युक्ती आहे. आधी थोडा माल विकायचा, मग गिऱ्हाईक आणल्याचं सांगायचं, आणि गिऱ्हाइकाची अट म्हणून आणखी माल गळ्यात मारायचा. पैसे भरले की खरेदीदार आजारी पडतो, त्याच्या देशातले नियम बदलतात, नाहीतर त्याला आता दहाचा संच हवा असतो.

आता त्या २२ टक्क्यांबद्दल. तो आकडा कुणी लिहिला? त्यांच्या वेबसाइटवर, त्यांच्याच माणसाने. तुमच्या बँकेच्या पासबुकातला आकडा खरा ठरतो, कारण तुम्ही उद्या जाऊन तो काढू शकता. इथे तसं काही आहे का, ते आजवर तुम्ही अजमावलेलं नाही. अजमावायची रीत सोपी आहे: एक पेटी विकून द्या म्हणा. दोन्ही नकोत, एकच. त्यांनी दाखवलेल्या किमतीपेक्षा दहा टक्के कमी आले तरी चालतील म्हणा. खरा व्यापारी म्हणेल, बाजारात बोली किती येते ते बघतो, आमची दलाली एवढी, इतके आठवडे लागतील. खोटा म्हणेल की ही वेळ विकायची नाही. गंमत म्हणजे त्याच दमात तो आणखी तीन घ्यायला सांगेल, आणि तेही महिन्याभरात विकण्यासाठीच.

वाइनमध्ये पैसे गुंतवणं हाच मुळात बनाव आहे का, असं तुमच्या मनात आलं असेल. तसं नाही. हा धंदा खरा आहे आणि जुना आहे, म्हणून तर त्याच्या नावाखाली फसवता येतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांची प्रतवारी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली आणि ती आजही जवळपास तशीच चालते. पहिल्या वर्गात तेव्हा चारच नावं होती: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (लातूर वाचून मीही पहिल्यांदा दचकले होते, पण आपल्याकडच्या लातूरचा त्याच्याशी काही संबंध नाही.) पाचवं नाव, मूतों रॉथशिल्ड, त्या वर्गात घालायला १९७३ साल उजाडलं. अशा मळ्यांची एका सालाची वाइन ठरावीकच निघते, लोक ती पितात, उरलेली कमी होत जाते, आणि चांगली असेल तर मुरत जाते. माहितीपत्रकात हे वाचलं असेलच तुम्ही. यातलं काहीच खोटं नाही.

पत्रकात नसतं ते दुसऱ्या बाजूचं. वाइनला व्याज नाही, लाभांश नाही, भाडं नाही. उलट गोदामाचं भाडं आणि विमा दरवर्षी तुम्हीच भरायचा. विकायला गेलात की दलाली आलीच. आणि भाव पडतात, चांगलेच पडतात. उंची वाइनचा व्यवहार जिथे होतो त्या लंडनच्या लिव-एक्स या बाजारपेठेचे निर्देशांक बघितले तर २०११च्या मध्यावर भाव शिखरावर होते. मग चीनमधली मागणी ओसरली आणि पुढची दोन-तीन वर्षं ते घसरत राहिले. २००९ आणि २०१०च्या हंगामांचा तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. ती वाइन बाजारात येतानाच विक्रमी भावाने घेतलेल्यांना पुढे अनेक वर्षं खरेदीची किंमतही दिसली नाही. २०२२च्या शरद ऋतूत पुन्हा शिखर आलं आणि २०२३, २०२४ ही दोन्ही वर्षं पुन्हा उताराची गेली. नामांकित व्यापाऱ्याकडून, खरी वाइन, रास्त भावात घेतलेल्यांची ही कथा. ‘कधीच पडत नाही’ असं तुम्हाला फोनवर सांगितलं असेल, तर त्या एका वाक्यावर फोन ठेवायला हवा होता.

तुमच्या पेट्यांची वाइन बाटल्यांत भरलेली आहे की अजून पिंपात, हे बिलावर बघा. बोर्डोत नव्या हंगामाची वाइन पुढच्या वसंतात पिंपात असतानाच विकायची पद्धत आहे. तिला आँ प्रिमर म्हणतात. पैसे आज द्यायचे, बाटल्या दीड-दोन वर्षांनी मिळायच्या. पद्धत रीतसर आहे, पण मधल्या काळात तुमच्या हातात कागदाशिवाय काही नसतं. शातो लातूरने तर २०१२ साली जाहीर केलं की यापुढे आम्ही असं विकणार नाही, वाइन पिण्याजोगी झाली की मगच बाहेर काढू. अर्थात ते त्यांनी स्वतःच्या धंद्याच्या सोयीने केलं, गिऱ्हाइकाच्या कळवळ्याने नव्हे.

बाजारात तुरी असतानाचे असे व्यवहार कुठे जातात, त्याचा एक नमुना सांगते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये प्रीमियर क्रू नावाचं मोठं दुकान होतं. खरंखुरं, रस्त्यावर दिसणारं, कपाटं भरलेलं. त्याचा मालक जॉन फॉक्स, यायच्या मार्गावर असलेली वाइन स्वस्तात देतो म्हणून आगाऊ पैसे घ्यायचा. आजच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून कालच्याची पेटी आणायची, असं बरीच वर्षं चाललं. २०१६ साली दुकानाने दिवाळं जाहीर केलं तेव्हा सुमारे साडेचार कोटी डॉलरचा प्रश्न उभा राहिला. फॉक्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेसहा वर्षांची कैद झाली. ज्या वाइनसाठी लोकांनी पैसे मोजले होते, त्यातली पुष्कळशी त्याने कधी मागवलीच नव्हती.

फसवणुकीचा हा एक प्रकार: माल नाहीच. दुसऱ्या प्रकारात माल असतो पण नकली. त्याची गाजलेली गोष्ट रूडी कुर्नियावानची. हा पठ्ठ्या घरच्या स्वयंपाकघरात वाइनची मिश्रणं करून जुन्या बाटल्यांत भरायचा आणि वर जुनाट दिसणारी लेबलं चिकटवायचा. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याने दिलेल्या, पोंसो घराण्याच्या क्लो सें-दनी या वाइनच्या बाटल्या आल्या. त्यांवरची सालं १९४५पासूनची. लोराँ पोंसो स्वतः फ्रान्सहून विमानाने तिथे येऊन थडकला, कारण त्याच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८०च्या दशकात केली होती. कुर्नियावानला २०१२त अटक झाली, २०१४त दहा वर्षांची शिक्षा. पण ही श्रीमंत शौकिनांची दुखणी. तुमच्या पेट्यांत कुणी एवढी कलाकुसर केली असेल असं मला वाटत नाही.

तुमच्याबाबत मला तिसऱ्या प्रकाराची धास्ती आहे, आणि तो सगळ्यात साधा आहे. वाइन खरी असते, पेटी खरी असते, फक्त किंमत दुप्पट-तिप्पट लावलेली असते. पोलिसांत गेलात तर कंपनी म्हणते, आम्ही माल दिला, भाव त्यांनी मान्य केला, यात फसवणूक कुठली? म्हणून आधी बिल काढा आणि चार गोष्टी शोधा: मळ्याचं पूर्ण नाव, साल, बाटलीचं माप आणि बाटल्यांची संख्या. पेटी बाराची की सहाची, हे कित्येक बिलांवर मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं. सहा बाटल्यांची पेटी बाराच्या भावात गळ्यात पडते. नाव अक्षर न् अक्षर वाचा. मूतों रॉथशिल्ड ही पहिल्या वर्गातली वाइन. मूतों काडे ही त्याच घराण्याच्या कंपनीची असली तरी जगभर सर्रास मिळणारी रोजची वाइन. ‘रॉथशिल्डची मूतों’ असं कुणी फोनवर म्हणालं तर तो खोटं बोलला असं सिद्धही करता येत नाही. लाफीतचीही करुआद नावाची धाकटी वाइन आहे. तीही महागच, पण थोरलीच्या जवळपास नाही.

मग वाइनचे भाव दाखवणाऱ्या वेबसाइटवर जा. वाइन-सर्चर त्यातली प्रसिद्ध. तीच वाइन, तेच साल, तेच माप टाका आणि दोन-तीन जुन्या, नावाजलेल्या व्यापाऱ्यांचे भाव बघा. इथे एक खुबी आहे. गोदामातली वाइन ‘इन बाँड’ असते, म्हणजे तिच्यावरचा कर आणि शुल्क अजून भरलेलं नसतं. दुकानातल्या किंवा हॉटेलच्या मेन्यूवरच्या किमतीत ते सगळं आणि शिवाय त्यांचा नफा धरलेला असतो. फोनवरचा माणूस तुम्हाला हॉटेलची किंमत सांगतो आणि म्हणतो, बघा, आम्ही किती स्वस्तात दिली. तुम्ही इन बाँड भावाशी इन बाँड भावच ताडून बघा. आणि मागितलेली किंमत वेगळी, मिळणारी वेगळी, हे जुनं सामान विकलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

आता त्या गोदामाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळं इथे ठरतं.

‘सरकारमान्य गोदाम’ हे शब्द ऐकून तुम्हाला धीर आला असणार. ब्रिटनमध्ये अशा गोदामांना तिथल्या कर खात्याची मान्यता खरोखरच लागते. पण ती कशासाठी? न भरलेला कर कुठे पळून जाऊ नये म्हणून. आत ठेवलेल्या पेटीचे मालक तुम्ही आहात की कंपनी, तुम्ही मोजलेला भाव रास्त होता की नाही, याच्याशी त्या मान्यतेचा काडीचा संबंध नाही. माल बाँडमध्ये ठेवणं मात्र योग्यच. थंड, दमट, अंधाऱ्या जागी सगळा काळ राहिलेली पेटीच पुढे चांगल्या भावाने विकली जाते, घरी आणून कपाटात ठेवली की तिचा भाव उतरतो. म्हणजे पुन्हा तेच. सांगितलेली गोष्ट खरी, आणि तिच्याच आडोशाने तुमचा माल तुमच्या नजरेआड.

तेव्हा कंपनीकडून गोदामाचं नाव घ्या. फोन नंबर मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, तो स्वतः शोधा. ‘मी तुम्हाला लाइनवर जोडून देतो’ म्हणाले तर नको म्हणा. मग गोदामाला ईमेल लिहा, फोनपेक्षा लेखी बरं. विचारायचं एवढंच: माझ्या नावाने तुमच्याकडे खातं आहे का? असल्यास त्यात काय काय जमा आहे? माझ्या पेट्यांचा नोंद क्रमांक काय? ब्रिटनच्या गोदामांत आलेल्या प्रत्येक मालाला रोटेशन नंबर देतात, तोही विचारा. माझ्या लेखी परवानगीशिवाय माल हलवता येतो का, हेही.

उत्तरं दोन-तीन प्रकारची येतील. खातं तुमच्या नावावर आहे, पेट्या आहेत, असं आलं तर उत्तम. माल कंपनीच्या खात्यात आहे म्हणून आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही, असं आलं तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या: कंपनी उद्या बुडाली तर तिचे घेणेकरी त्या पेट्यांवर डोळा ठेवणार, आणि या पेट्या आपल्या आहेत हे कागदपत्रं घेऊन सिद्ध करत बसायचं ते तुम्ही. तसं असेल तर पेट्या तुमच्या नावाच्या खात्यात वळत्या करा, असं कंपनीला लगेच लेखी कळवा. सचोटीची कंपनी थोडा खर्च लावील आणि करून देईल. टाळाटाळ झाली तर तुम्हाला उत्तर मिळालंच. आणि गोदामाने अशी कंपनी आम्हाला माहीतच नाही असं कळवलं, तर मग थांबू नका, सरळ पोलिसांचा सायबर विभाग आणि तुमची बँक.

गुंतवणुकीच्या गोदामातल्या पेट्या बघायला कुणी जात नाही, याचा फायदा घेऊन किती मोठ्या माणसांनाही चटका दिला जातो बघा. २०२२ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी बोर्डो सेलर्स नावाच्या कंपनीच्या दोघांवर आरोपपत्र ठेवलं. रक्कम ९ कोटी ९० लाख डॉलर. बडे वाइन-संग्राहक आपला साठा तारण ठेवून कर्ज मागतात, तुम्ही त्यांना पैसे द्या आणि व्याज घ्या, असं लोकांना सांगितलं गेलं, असा आरोप. संग्राहकही बनावट आणि तारण ठेवलेली बहुतेक वाइनही. तारणाची खात्री, तारण दाखवणाऱ्याकडूनच करून घेतली की हे असं होतं.

‘आमची कंपनी नोंदणीकृत आहे’ हेही ऐकलं असेल. कंपनीची नोंदणी म्हणजे जन्मदाखला, चारित्र्याचा दाखला नव्हे. ब्रिटनमध्ये, जिथे हा धंदा सगळ्यात जास्त चालतो, तिथेही वाइनच्या पेट्या थेट विकणं हे वित्तीय नियामकाच्या कक्षेत येत नाही. बँक बुडाली तर मिळणारी भरपाई इथे नाही, आर्थिक तक्रारींच्या लोकपालाचं दारही बहुधा बंदच. ‘करमुक्त’ या शब्दावरही जाऊ नका. तिथल्या कायद्यात ५० वर्षांच्या आत नासणाऱ्या वस्तूंना भांडवली नफ्यावरच्या करात सूट आहे खरी, पण जी वाइन ५० वर्षंही टिकेल म्हणून विकली गेली तिला ती मिळेलच असं नाही, आणि तुमचा कर तुम्ही राहता त्या देशात ठरतो.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार खटकते. फोनवर किंवा इंटरनेटवर घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करायचा हक्क युरोपात ग्राहकाला आहे. पण २०११च्या ज्या युरोपीय निर्देशात तो दिला, त्याच्याच सोळाव्या कलमात एक अपवाद आहे: जी मद्यं ३० दिवसांनंतरच मिळणार आहेत, ज्यांचा भाव आधी ठरलाय आणि ज्यांचं मोल बाजाराबरोबर वरखाली होतं, त्यांना हा हक्क नाही. ब्रिटनच्या कायद्यातही हे आहे. व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ते समजतं. भाव पडला की प्रत्येकजण माल परत करायला येईल. पण फोनवर लकडा लावून विकली जाणारी वस्तू नेमकी हीच, आणि रात्री झोपून सकाळी विचार बदलायची सोय काढून घेतली तीही हिच्याच बाबतीत. पैसे भरायच्या आधीच ती झोप काढायची, एवढाच उपाय उरतो.

आणि आता तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडक्यात विचारलात. नाही कसं म्हणू?

त्या मुलाने गुडघ्याची चौकशी केली. मी तुमच्याकडून ती छोटीशी गोष्ट हिरावून घेणार नाही. कदाचित त्याला खरंच बरं वाटलं असेल तुमच्याशी बोलून. अशा ठिकाणी नोकरीला लागलेली कित्येक मुलं कमिशनवर असतात, समोरच्या कागदावर लिहिलेलं वाचतात आणि वरिष्ठांचं खरं रूप त्यांनाही उशिरा कळतं. पण हेही बघा: गुडघ्याचं ऑपरेशन कधी, बायको दुपारी घरी नसते, मुदत ठेव कधी पिकते, हे सगळं तुमच्या नावापुढे कुठेतरी टिपलेलं आहे. एकाने ओळख करायची आणि ओळख मुरली की दुसऱ्या ‘वरिष्ठाने’ मोठा सौदा मारायचा, ही या धंद्यातली कामाची वाटणी आहे. वरिष्ठ आले तेव्हा मुलाची माया संपली नाही. तिचा उपयोग सुरू झाला.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तुमच्यासारखी माणसं मी काउंटरवर खूप पाहिली. लबाडाला ती घाबरत नाहीत, पण गोड बोलणाऱ्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही. तेव्हा कारण देऊच नका. कारण दिलं की त्याच्याकडे त्या कारणाचं उत्तर असतं. पैसे नाहीत म्हणालात तर हप्ते, वेळ नाही म्हणालात तर संध्याकाळी फोन, बायकोला विचारतो म्हणालात तर ‘सर, तुमच्यासारखा माणूस निर्णय स्वतः घेतो.’ हे शेवटचं वाक्य आलं तर ओळखा, सगळ्यात जास्त भीती त्यांना तिचीच आहे. एवढंच म्हणा: “मी आणखी काही घेणार नाही. यापुढे जे असेल ते लेखी पाठवा.” आणि फोन ठेवा. तो परत येईल. तेच वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा आला तर उचलू नका. तुम्ही उद्धट ठराल, ठरू द्या.

पुढच्या काही महिन्यांत आणखी एक फोन येईल. येईलच. बहुधा आवाज वेगळा, कंपनी वेगळी, कधी वकील म्हणून, कधी सरकारी अधिकारी म्हणून. तुमची फसवणूक झाली आहे हे आम्हाला कळलंय, अडकलेले पैसे काढून देतो, फक्त प्रक्रियेचं शुल्क आधी भरा. एकदा पैसे भरलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि तुमच्या पेट्यांचा तपशील त्यांना कसा ठाऊक याचं उत्तर तेच. कुठलीही खरी तपास यंत्रणा तुमचेच पैसे मिळवून द्यायला तुमच्याकडून आगाऊ शुल्क मागत नाही.

कागदपत्रांचं काम एका बैठकीत होईल. माहितीपत्रक, बिलं, ईमेल, पैसे पाठवल्याच्या नोंदी, फोन आले त्या तारखा आणि आठवतील तेवढी त्यांची वाक्यं, सगळं एका फायलीत. वेबसाइटवरच्या तुमच्या खात्याचे फोटो आजच काढून ठेवा, अशी पानं एका रात्रीत गायब होतात. पैसे कार्डाने भरले असतील तर चार्जबॅकची, म्हणजे बँकेकरवी ते पैसे परत मागण्याची, मुदत बँकेला विचारा. ती काही महिन्यांचीच असते आणि पहिला फोन येऊन तुमचे पाच महिने झालेत. बँक ट्रान्सफर असेल तरी कळवाच. त्यांना तुमच्या खात्याचा किंवा कार्डाचा तपशील दिला असेल तर तो बदलून घ्या, आणि तुमच्या फोनवर किंवा संगणकावर त्यांनी काही उतरवायला लावलं असेल तर ते आधी काढून टाका.

हे सगळं करायच्या आधी बायकोला सांगा. मला कल्पना आहे, या पत्रातलं सगळ्यात अवघड काम हेच. पण गोदामाला ईमेल लिहिताना शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं, आणि शुक्रवारी फोन वाजेल तेव्हा तर लागतंच. ती चिडेल. पहिल्या दोन पेट्यांबद्दल चिडेल आणि तिला न सांगितल्याबद्दल जास्त चिडेल. दोन्ही रास्त आहे. पाच पेट्यांनंतर सांगण्यापेक्षा दोन पेट्यांनंतर सांगणं स्वस्त.

गोदामाचं उत्तर आलं की मला कळवा. पेट्या तुमच्या नावावर निघाल्या तर घाईघाईने त्याच कंपनीला परत विकू नका, पडेल भावात मागतील. दुसऱ्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून, शक्य झाल्यास लिलाव करणाऱ्यांकडूनही, लेखी भाव मागवा, आणि मग बसून ठरवू.